पाटलांसाठी झाकणं

“तो तवा खाली ठेव.”

अण्णा, माझे सासरे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर पाटील. पाटलांचा तुरा ताठ उभा होता, म्हणजे तेही माझ्या विरोधातच होते.

“अजून गॅस पेटवलेला नाही मी,” मी म्हणाले.

“म्हणूनच आत्ता सांगतोय.”

“अण्णा, चारच डोसे काढते. लोखंडी तव्यावर चिकटतात हो. दार लावून घेते, खिडकी उघडते, मग तर झालं?”

“त्याचा धूर दिसत नाही, तृप्ती. तवा जरा जास्त तापला की त्या काळ्या थरातून काय निघतं ते माणसाला कळतसुद्धा नाही. पाखराची छाती केवढी असते? आपल्याला साधा ठसका लागायच्या आत ते खाली पडलेलं असतं. औरंगाबादच्या पाखरांच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय.”

मी तवा ओट्यावर ठेवला. जरा आवाज करूनच ठेवला. माझ्या आईनं रुखवतात दिलेला तो नॉनस्टिकचा तवा लग्नापासून माळ्यावर पडून होता आणि त्या सकाळी मी स्टूल लावून मुद्दाम तो खाली काढला होता. सासूबाई शेजारीच भाकरी थापत होत्या.  आपला लोखंडी तवा तेवढा त्यांनी माझ्याकडे सरकवला.

ही गोष्ट जालन्यातली, माझी लेक जुई नऊ महिन्यांची होती तेव्हाची. आता ती दहावीला आहे.

पाटील म्हणजे आमच्या घरातला कॉकटील पक्षी. राखाडी अंग, पिवळं डोकं, दोन्ही गालांवर शेंदराचं बोट लावल्यासारखे ठिपके. माझं लग्न व्हायच्या आधी तो कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटून आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीवर येऊन बसला होता. अण्णांनी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, ज्या शाळेतून ते निवृत्त झाले होते तिथल्या फळ्यावरसुद्धा लिहून आले, पण न्यायला कुणी आलं नाही. डोक्यावरचा तुरा बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, “हे बघा, फेटा बांधून पाटील आलेत पाहुणे.” तेच नाव पडलं, आणि नावामागोमाग मानही आला. आमच्याकडे पाटील जेवायचे, पाटील आंघोळ करायचे, पाटील रुसायचे.

आणि पाटलांपायी घरभर कायदे होते. ते पिंजऱ्याबाहेर असतील तर पंखा बंद. जालन्याच्या एप्रिलमध्ये बंद. आरशावर पडदा, कारण आरशाला आकाश समजून ते त्यावर जाऊन आदळतील. खिडक्यांना जाळी. डासांची उदबत्ती नाही, देवाची उदबत्ती फक्त मागच्या अंगणात तुळशीपाशी. अंगाला सेंट मारायचा तर गॅलरीत जाऊन. दार लावण्याआधी दाराच्या वरच्या कडेकडे बघायचं, कारण पाटलांना तिथं बसायला आवडायचं. आणि सगळ्यांत कडक कायदा पाण्याचा. आमच्या भागात नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचं नाही. येईल तेव्हा घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं लागायचं: मागच्या पडवीतले दोन निळे ड्रम, न्हाणीतला हौद, पिंपं, बादल्या, कळश्या. त्या प्रत्येकाला झाकण होतं. ड्रमांना लाकडी, हौदाला पत्र्याचं, बादल्यांना जुन्या ताटल्या. ताटल्यांवर पुन्हा वजनाला दगड. अण्णा सकाळी उठले की चहाच्याही आधी घरभर फिरून एकेक झाकण हातानं दाबून बघायचे.

मी नाशिकची. आमच्याकडे पाणी नळाला वाटेल तेव्हा यायचं आणि बादल्या उघड्याच असायच्या. पहिल्या वर्षी मला या सगळ्याची गंमत वाटायची. माहेरी फोनवर मी पाटलांचे किस्से सांगायची. जुई झाल्यावर मात्र गंमत संपली.

कारण अण्णा जुईला घेत नसत.

म्हणजे त्यांना ती नकोशी होती असं नाही. ती रडली की दुसऱ्या खोलीतून ते आधी उठायचे. बाजारातून तिच्यासाठी खुळखुळा, लाकडी बैल, काय काय आणायचे. पण ती वस्तू तिच्या हातात द्यायचे नाहीत, सतरंजीवर ठेवायचे आणि दोन पावलं मागं सरकायचे. ती रांगत त्यांच्या पायाशी गेली की हाक मारायचे, “कुमुद, अगं, ही इकडं आली बघ.” सासूबाई येऊन तिला उचलून न्यायच्या. बारशालासुद्धा आजोबांच्या मांडीवर नात असा फोटो काढायचा म्हणून सगळे मागं लागले, तर हे गृहस्थ पाहुण्यांना पाणी द्यायला निघून गेले.

आणि त्याच माणसाच्या खांद्यावर दिवसभर पाखरू.

मी गिरीशला, माझ्या नवऱ्याला, एकदा विचारलं. तो म्हणाला, “अण्णा पहिल्यापासून तसेच आहेत. मलाही त्यांनी कधी कडेवर घेतलेलं आठवत नाही. सायकल शिकवली, गणित शिकवलं. असतात एकेक माणसं.”

पण पुढच्या महिन्यात मला लॅबमध्ये पुन्हा रुजू व्हायचं होतं. सासूबाईंचे गुडघे गेलेले. रांगत्या लेकराच्या मागं दिवसभर एकट्यानं राहणं त्यांच्यानं होणार नव्हतं. मी जेवताना सहज म्हणाले होते, “अण्णा आहेतच की घरी.” अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. “मला नाही जमणार,” म्हणाले आणि उठले. अर्धं जेवण टाकून. तेव्हापासून माझ्या मनात ते घर करून बसलं होतं. त्या सकाळी तवा काढला, तो काही डोशांसाठी नव्हता.

दुपारी जेवणं झाली. जुई मधल्या खोलीतल्या पाळण्यात झोपली. पाटील पुढच्या खोलीत पडद्याच्या दांडीवर बसून शीळ घालत होते. एवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं, “पाणी आलं! पाणी आलं!”

त्या दिवशी पाणी यायचंच नव्हतं. आदल्या दिवशी चौकशी केली तर सांगितलं होतं, पाईप फुटलाय, परवाशिवाय आशा नाही. त्यामुळे सगळं घर सुस्त होतं. ते क्षणात उठलं. समोरच्या खालिदाभाभींच्या घरातून कळश्यांचा आवाज सुरू झाला. सासूबाई गुडघ्याला हात लावत गच्चीच्या जिन्याकडे निघाल्या, टाकीतली नळी धरायला. अण्णा मागच्या पडवीत धावले.

“पाटलांना आत घाला!” जाता जाता ते ओरडले.

पाण्याच्या दिवशी झाकणं निघायच्या आधी पाटील पिंजऱ्यात जायचे, हा नेम होता. मी दांडीखाली उभी राहून हात वर केला, बोट पुढं केलं, बाजरीचं कणीस दाखवलं. पाटलांनी मान तिरकी करून एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं आणि दांडीच्या पार दुसऱ्या टोकाला गेले.

“येत नाहीत, अण्णा!”

पडवीतून पाण्याचा बारीक आवाज येत होता. धार करंगळीएवढी. अशी धार कधी बंद पडेल सांगता येत नाही.

“राहू दे मग. मधलं दार लावून घे. नीट लाव.”

मी मधलं दार लावलं, कडी घातली. आता पाटील पुढच्या खोलीत आणि पाणी मागच्या बाजूला. मी स्वयंपाकघरात पिंपं भरायला लागले. अण्णांनी न्हाणीतला हौद भरायला लावला, एक ड्रम भरला, झाकला, नळी दुसऱ्या ड्रममध्ये सोडली आणि बादल्या उचलून न्हाणीत गेले. मध्ये एकदा सासूबाई खाली आल्याचा आवाज आला. गच्चीवरची नळी सांध्यात गळत होती, म्हणून पुढच्या कपाटातून सुतळी आणि चिंधी घेऊन त्या परत वर गेल्या. “चिंधी मिळाली,” असं जिन्यावरून म्हणाल्या. घरात सगळीकडे पाण्याचाच आवाज होता.

थोड्या वेळानं मला वाटलं, पाटलांची शीळ ऐकू येत नाही.

बघते तर मधलं दार सताड उघडं. पुढची खोली रिकामी. मी दारांच्या कडा बघितल्या, कपाटाचा माथा बघितला, पाळण्याची दोरी बघितली. जुई झोपेत होती. मी हाक मारत पडवीत आले.

“अण्णा, पाटील—”

अण्णा दुसऱ्या ड्रमपाशी उभे होते. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या. ड्रममध्ये वाकून बघत होते. मला वाटलं, पाणी किती झालं ते बघतायत. जवळ गेले आणि मीही आत बघितलं.

ड्रम अर्ध्याच्या वर भरला होता. पाण्यावर पाटील पंख पसरून पडले होते. प्लास्टिकच्या गुळगुळीत कडेला चोच घासत एका जागी गोल फिरत होते. तुरा भिजून डोक्याला चिकटला होता. डोकं वर यायचं, पुन्हा खाली जायचं.

“अण्णा, काढा ना!”

ते हलले नाहीत.

“अण्णा!”

त्यांचे डोळे उघडे होते, पाण्याकडेच लागलेले होते, पण हात बादल्यांवरून सुटत नव्हते.  मी त्यांना खांद्यानं बाजूला सारलं, ड्रममध्ये काखेपर्यंत हात घातला आणि पाटलांना बाहेर काढलं. मुठीएवढं, थंडगार, ओल्या चिंधीसारखं काहीतरी हातात आलं. मी त्याचं डोकं खाली झुकतं धरलं. चोचीतून पाण्याचे थेंब गळले. छातीपाशी अंगठा लावला तर आत काहीतरी भराभरा फडफडत होतं.

“आहेत,” मी म्हणाले. “अण्णा, पाटील आहेत. टॉवेल द्या.”

तेव्हा कुठं बादल्या खाली पडल्या. त्या आवाजानं जुई जागी झाली आणि रडायला लागली. अण्णांनी दोरीवरचा पंचा ओढून दिला. मी पाटलांना त्यात गुंडाळलं, ब्लाऊजपाशी छातीला धरून त्यांच्या अंगाला ऊब द्यायला लागले. मधल्या खोलीत जुईनं सूर चढवला होता.

“अण्णा, जुईला घ्या जरा.”

“कुमुदला बोलावतो.”

“आई गच्चीवर आहेत. दोन मिनिटं घ्या ना उचलून.”

“पाटलांना दे माझ्याकडं,” ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात ओंजळीसारखे पुढं केले.  “पाटलांना मी धरतो. तू लेकराकडं जा. जा, तृप्ती.”

मी पंचा त्यांच्या ओंजळीत दिला आणि जुईला घ्यायला गेले. मला इतका राग आला होता की तिला थोपटताना माझाच हात जोरात पडत होता. रात्रंदिवस ज्याच्यासाठी घरभर झाकणं लावत फिरायचं, ते डोळ्यांदेखत बुडत असताना हा माणूस नुसता उभा राहतो, आणि स्वतःची नात रडते तर तिलाही हात लावत नाही. मग करतो काय हा माणूस?

सासूबाई खाली आल्या तोवर अण्णांनी टेबलावर दिवा लावला होता, पंच्याची घडी करून पाटलांना त्या उजेडाखाली ठेवलं होतं आणि समोर खुर्ची घेऊन बसले होते. काय झालं ते मी सांगितलं. दार कसं उघडं राहिलं ते मला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. सासूबाईंनी मधल्या दाराकडे बघितलं. मग हातातल्या उरलेल्या सुतळीकडे.

“दार मी उघडं ठेवलं,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान वर केली नाही. “असू दे,” म्हणाले. “होतं तसं. घाईत होतं.”

सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. आधी मला वाटलं, त्यांना पाखराचं वाईट वाटलंय. पण त्या पाखराकडे बघतच नव्हत्या. अण्णांच्या पाठीकडे बघत होत्या.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाटलांची पिसं फुलायला लागली. त्यांनी एकदा डोळे उघडले, अण्णांचं बोट चावलं, पुन्हा डोळे मिटले. औरंगाबादच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. ते म्हणाले, ऊब द्या, अंधार-उजेड फार बदलू नका, आपणहून दाणा मागेपर्यंत काही भरवू नका. अण्णा खुर्चीवरून उठले नाहीत.

मी मागच्या पडवीत गवार मोडायला बसले. जुई सतरंजीवर शेंगांशी खेळत होती. सासूबाई येऊन माझ्यासमोर बसल्या, पाय लांब केले आणि परातीतल्या शेंगा ओढून घेतल्या. ड्रमांवर झाकणं होती, झाकणांवर दगड होते.

“रागावलीस त्यांच्यावर,” त्या म्हणाल्या.

“आई, ते नुसते उभे होते. मी गेले नसते तर पाटील गेले होते. पाटलांसाठी एवढी झाकणं केली, एवढे कायदे केले, आणि ऐन वेळी—”

“झाकणं पाटलांसाठी नाहीत,” सासूबाई म्हणाल्या. “पाटील तर आत्ता आले. झाकणं गिरीशच्याही आधीची आहेत.”

मी हातातली शेंग खाली ठेवली.

“गिरीशला एक बहीण होती, हे तुला ठाऊक आहे.”

“हो. तापानं गेली लहानपणी.”

“गिरीशला तसंच सांगितलंय.” त्या गवारीच्या शिरा काढत होत्या, एकेक शीर अगदी सावकाश. “मंजू. नुकती चालायला लागली होती. तेव्हाही पाणी असंच यायचं. असंच अवचित आलं. मी विहिरीवर धुणं घेऊन गेले होते. हे घरात होते, हौद भरत होते, आणि ती यांच्या पायांत घुटमळत होती. पुढच्या दारात शाळेचा शिपाई आला. कसलासा निरोप होता. हे दारापर्यंत गेले, निरोप घेतला आणि परत आले. एवढंच. पाणी प्यायला वेळ लागतो तेवढा. परत आले तर हौदात—”

त्या थांबल्या. जुईनं एक शेंग तोंडात घातली होती, ती त्यांनी काढून घेतली आणि तिच्या हातात दुसरी, लांबलचक दिली.

“हे तसेच उभे होते, हौदात बघत. मी धुणं घेऊन आले तेव्हाही तसेच उभे होते. मी काढलं तिला.”

 पलीकडे खालिदाभाभी कुणाला तरी चहाला हाका मारत होत्या.

“आणि मग मी त्यांना एक बोलले,” सासूबाई म्हणाल्या. “माणसं जमली होती. सगळ्यांसमोर बोलले. म्हणाले, आता यापुढं माझ्या लेकराला हात लावू नका. कुठल्याच लेकराला हात लावू नका.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “त्यांनी ते ऐकलं. गिरीश झाला तेव्हा मला वाटलं, घेतील आता. बाळंतपणाच्या खोलीच्या दारात आले, लांबून बघितलं आणि गेले. मला कळलं, हे माझं बोलणं पाळतायत. पण मी तेव्हाही काही म्हणाले नाही. मनात राग होताच गं. वाटायचं, पाळू दे. पुढं राग गेला, तर विषय कसा काढायचा ते कळेना. घरात मंजूचं नावच कुणी घेत नव्हतं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. गिरीश शाळेत जायला लागला. मग वाटलं, आता काय बोलायचं.”

“आणि आता जुई.”

“आणि आता जुई.” त्यांनी मोडलेली गवार परातीत एका बाजूला केली. “इतकी वर्षं मी मनात एकच धरून होते. दारापर्यंत गेलेच कसे? लेकरू पायांत असताना माणूस दारापर्यंत जातोच कसा? आज मी सुतळी घ्यायला आले. दार उघडलं, कपाटातून चिंधी काढली, वर नळी गळतेय, पाणी वाया चाललंय, एवढंच डोक्यात होतं. दार लावायचं राहिलं हे मला जिना चढतानासुद्धा आठवलं नाही. आणि मी आल्यावर ते काय म्हणाले, ऐकलंस ना?”

मी ऐकलं होतं. असू दे. होतं तसं. घाईत होतं.

“मी त्यांना तेव्हा तेवढंसुद्धा म्हणाले नव्हते,” सासूबाई म्हणाल्या.

जुईला झोप यायला लागली होती. मी तिला उचललं.  सासूबाई परात घेऊन आत गेल्या आणि रोजच्यासारखी भाजी फोडणीला टाकली. जेवताना त्यांनी अण्णांचं ताट त्यांच्या खुर्चीपाशी नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी दाणा मागितला. पिंजऱ्याच्या वाटीवर चोच आपटून मागितला. तुरा अर्धा उभा राहिला होता. अण्णा मोठ्यानं हसले. त्यांना तसं हसताना मी फार क्वचित बघितलं होतं. मग ते पुढच्या खोलीत खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसले.

मी स्वयंपाकघरात होते. सासूबाई भाकरीचं पीठ मळत होत्या आणि जुई त्यांच्या लुगड्याचा काठ धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. उभी राहायची, बसायची. एकदा पडली आणि ओठ काढला.

“द्या माझ्याकडे,” मी हात पुढं केला.

“तू थांब,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पिठाच्याच हातांनी जुईला काखेत धरून उचललं. गुडघ्यांनी कुरकुर केली असणार, कारण त्या जरा थांबल्या, मग चालायला लागल्या. मी मागोमाग गेले आणि मधल्या दारात उभी राहिले.

सासूबाई अण्णांच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं.

“धरा हिला,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी आधी जुईकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तृप्ती आहे ना.”

“आहे. तुम्ही धरा.”

“कुमुद.” अण्णांचा आवाज एकदम खाली गेला. “तू म्हणाली होतीस—”

“म्हणाले होते.” सासूबाईंचे हात लेकराच्या वजनानं खाली यायला लागले होते, पण त्यांनी ते मागं घेतले नाहीत. “चुकीचं म्हणाले होते. इतक्या वर्षांत सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. आता सांगतेय. धरा.”

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी केली. तिची पुन्हा एक घडी केली आणि खिडकीत ठेवली. चष्मा काढला, खिशात ठेवला. सदऱ्याला तळवे पुसले. जुई त्यांच्याकडे बघत होती. तिला ओळखीचाच चेहरा होता तो, फक्त इतक्या जवळून तिनं कधी बघितला नव्हता. तिनं हात पुढं केला आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण पकडलं.

अण्णांनी तिला घेतलं.

घेतलं म्हणजे कसं, तर एक हात तिच्याखाली आणि दुसरा मानेमागं, पंजा पसरून, जन्मल्या दिवशीच्या बाळाला धरतात तसं. खुर्चीत ताठ बसले. श्वाससुद्धा जपून घेत होते. जुई त्यांच्या हातात अवघडून आडवी झाली होती, उठून बसायला बघत होती. सासूबाई समोरच उभ्या होत्या. त्यांच्या हातांवरचं पीठ वाळायला लागलं होतं.

“कुमुद,” जरा वेळानं अण्णांनी विचारलं, “हिची मान धरायला लागते का गं अजून?”

“नाही हो,” सासूबाई म्हणाल्या. “नऊ महिन्यांची झाली ती. केव्हाच मान धरली तिनं.”

“असं होय,” अण्णा म्हणाले.

पण हात त्यांनी काढला नाही.